ज्यांचा हात उठला नाही

सन एकोणीसशे अडतीसच्या हिवाळ्यात कनेरगाव नाक्याला माणसांचे हात आपोआप वर जाऊ लागले.

थट्टा नव्हे. दर गुरुवारी उकंडराव पाटलांच्या आमराईत माणसं लोटायची. पुसेगावकडून गाड्या यायच्या, पैनगंगा ओलांडून वाशीमकडच्या यायच्या. आमराईत कुठल्याशा जुन्या देवळाचे दोन दगडी खांब उभे होते. छप्पर कधीच गेलेलं. दोन खांबांच्या मधे माणूस हात खाली सोडून उभा राहिला की दोन्ही पंजांच्या मागच्या बाजू खांबांना टेकायच्या, एवढीच जागा. माणूस तिथं उभा राही, थोड्या वेळानं बाहेर येई, आणि त्याचे हात त्यानं न उचलता दोन्ही अंगांनी वर जात. डोहात दाबून धरलेला भोपळा सोडल्यावर वर येतो, तसे संथ.

"अरे, हे काय! मी काईच करून न्हाई राहिलो हो!" तालमीतला गडी लहान पोरासारखा ओरडे. बायका तोंडाला पदर लावत. म्हातारे जमिनीवर कपाळ टेकत.

ही करणी ऊर्ध्वबाहू महाराजांची. महाराज नदीपल्याडच्या वऱ्हाडातून आलेले. हिमालयात बारा वर्षं उजवा हात वर धरून तप केलं, असं ते सांगत. जो हात बारा वर्षं वर राहतो तो वाळून काठी होतो. महाराजांचे दोन्ही हात सारखेच गुबगुबीत होते. पण आमराईत हात कुणी निरखत नव्हतं. सगळे आपापला हात वर कधी जातो याची वाट पाहत रांगेत उभे होते.

"ये बाळा, आत ये," महाराज म्हणत. "पाप कुठून निघतं? हाताच्या पाठीतून निघतं! ढकल खांबाला! अजून ढकल! खांब पाप पिऊन राहिला, पिऊ दे त्याला! नाम सोडू नको, ढकलणं सोडू नको!" माणूस दातओठ खाऊन दगड ढकले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या की महाराज शंख फुंकत. "सोड! पुढं ये! आता तू काही करू नको. आता तो करील!"

आणि 'तो' करी.

'त्या'ला या बदल्यात काहीच नको होतं. महाराजांना मात्र साजूक तूप लागे, रोज एका घरचा शिधा लागे, आणि मठासाठी आमराईचा नदीकडचा तुकडा हवा होता. पाटील तो द्यायला जवळजवळ कबूल झाले होते. महाराजांची अजून एक शिकवण होती: ज्याचा हात देव उचलतो त्यानं दवाखान्याची पायरी चढू नये.

एखाद्याचा हात उठला नाही तर? तेही महाराजांनी ठरवून ठेवलं होतं.

पारुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचा उठला नाही. तिचे खांदे आखडलेले, अंगात जोर नाही. तिनं खांबाला हात नुसते टेकवले आणि थरथरत नाम घेतलं. शंख वाजला, ती बाहेर आली, हात खालीच. महाराजांनी डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माय, तुझ्या हातून कुणाचा तरी जीव गेलेला आहे."

पारुबाईची सून मागच्याच पावसाळ्यात बाळंतपणात गेली होती. सुईण मिळाली नव्हती, म्हणून पारुबाईनंच तिला मोकळं करायचा प्रयत्न केला होता. तिचा लेक तिथंच उभा होता. त्या दिवसापासून त्यानं आईच्या हातचं खाणं सोडलं आणि तिचं अंथरूण गोठ्यात नेऊन टाकलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी शकुबाई परटीण खांबांत उभी राहिली.

शकुबाई चाळिशीची विधवा. लेकरू नाही. सासरच्या घराच्या एका खोलीत ती राही, दुसऱ्या खोलीत धाकटा दीर ग्यानबा आणि जाऊ गोजरबाई. तिघं मिळून गावाची धुणी धूत. आदल्या उन्हाळ्यात ओल्या कपड्यांचं गाठोडं उजव्या खांद्यावर घेऊन नदीच्या घाटावरून चढताना तिचा पाय घसरला. पडताना तिनं उजव्याच हातानं दगड धरला. खांद्यात कापड फाटल्यासारखं काहीतरी झालं आणि मग हात बाजूनं उचलेचना. चोळून झालं, शेकून झालं, बिब्ब्याचे चटके देऊन झाले. शेवटी ती हिंगोलीच्या दवाखान्यात गेली.

तिथले इस्माईल डॉक्टर वयानं तरुण. त्यांनी खांद्यावर बोटं ठेवून हात सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाले, "शकुबाई, हाड शाबूत आहे. हात वर ओढणारा जो स्नायू, त्याचं टोक हाडापासून सुटलंय. पायजम्याची नाडी नेफ्यातून निसटली की पायजमा काय करील? तसं झालंय. हैदराबादला माझे उस्ताद ते टोक पुन्हा हाडाला शिवतात. मोठं काम आहे. नंतर फार दिवस तकलीफ सोसावी लागेल. जाल?"

ती गेली. ग्यानबानं तिला हिंगोलीच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं, पुढं ती एकटी. कापाकापीच्या गुंगीतून जाग आली तेव्हा तिनं पाणी मागितलं. शेजारच्या खाटेवरची बाई तेलुगूत काहीतरी बोलली. शकुबाईनं पुन्हा "पाणी" म्हटलं. त्या बाईनं तिचे डोळे पुसले. पाणी नको होतं असं नाही, पण तेवढं एक माणसाचं बोट गालाला लागलं ते तिला पुढं पुष्कळ दिवस पुरलं.

परत आली ती छातीला बांधलेला लाकडी पट्ट्यांचा सांगाडा घेऊन. त्यावर उजवा हात खांद्याच्या उंचीला बाजूला टांगलेला. शिवलेल्या जागेला ओढ लागू नये म्हणून तसं होतं. पण गावातली पोरं "बुजगावणं आलं, बुजगावणं आलं" म्हणत मागं लागली. त्या सांगाड्यानिशी दारातून आत शिरायला आडवं व्हावं लागे. निजायचं भिंतीला टेकून. पंगतीत तिच्या त्या बाजूला कुणी बसेना, कारण जागाच उरत नसे. मग हळूहळू दुसऱ्या बाजूलाही कुणी बसेना.

हिंगोलीला इस्माईल डॉक्टरांनी सांगाडा काढला तेव्हा तिला वाटलं, सुटले. हात खाली आला आणि तिच्या लक्षात आलं की तो आपला उरलेलाच नाही. पाटाच्या फळीसारखा कडक, आणि दंड पोराच्या मनगटाएवढा.

"आता खरं काम," डॉक्टर म्हणाले. "शिवणारा शिवून गेला. हात परत आणायचा तुम्ही. रोज. कंटाळा आला तरी. दुखलं तर थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा."

त्यांनी दाखवलं तसं ती करी. डाव्या हातानं मेढीचा खांब धरून कमरेत वाकायचं आणि उजवा हात लोंबता सोडून हळूहळू झुलवायचा, पुढं-मागं, मग गोल. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, जिथं खांदा नको म्हणेल तिथपर्यंत, आणि बोटांनीच खाली उतरायचं. याला कुणाची सोबत नसते. कुणी पाहून म्हणत नाही की आज वीतभर वर गेला. आज वीतभर जातच नाही. नखभर जातो, आणि उद्या तेवढाही जात नाही.

गोजरबाईनं एकदा दाराच्या फटीतून तिला वाकून हात झुलवताना पाहिलं आणि घाबरून नवऱ्याकडं गेली. "अवो, बाईच्या अंगात येऊन राहिलं. बिना ढोलाचं घुमून राहिल्या."

"वहिनी," ग्यानबा बाहेरूनच म्हणाला, "ह्या डॉक्टरच्या खेळानं काय व्हनार? महाराजाकडं चला ना. पैलवानाचे हात उचलते ते, तुमचा उचलनार न्हाई व्हय?"

ग्यानबा वाईट माणूस नव्हता. महाराजांचा तो मोठा भक्त. त्यांची धोतरं धुऊन, इस्त्री करून स्वतः नेऊन देई. शकुबाई विचार करू लागली. रोज भिंतीला बोटं लावून कंटाळलेल्या माणसाला एका शंखात हात उठण्याचं आमिष लहान नसतं.

म्हणून ती गेली. खांबांत उभी राहिली. डावा हात दगडाला लावला, उजवाही लावला. "ढकल!" महाराज म्हणाले. तिनं ढकललं आणि उजव्या खांद्यातून कळ मस्तकात गेली. डॉक्टर म्हणाले होते, दुखलं तर थांबायचं. ती थांबली. आणि उजवा थांबला म्हणून डावाही ढिला पडला. शंख वाजला. ती बाहेर आली. दोन्ही हात खाली.

महाराजांनी तिच्या खांद्यावरची शिवण पाहिली. "हं! दवाखान्याच्या सुरीनं देवाची नाडी कापली! आता हा हात देवाचा नाही, सैतानाचा आहे. बाबांनो, या हातानं धुतलेलं अंगावर घालाल तर पाहा!"

ते वाक्य तिच्याआधी घरी पोचलं. दुसऱ्या दिवशी लोक ग्यानबाला म्हणाले, "तू धुवून दे बाबा, पर तुझ्या वहिनीचा हात नको लागू देऊ." तोवर शकुबाई डाव्या हातानं भट्टी लावत होती, घड्या घालत होती. तेही गेलं. गोजरबाई तिचं ताट उंबऱ्यावर ठेवू लागली. भांडण नाही, बोल नाही. ताट ठेवल्याचा आवाज तेवढा.

गावात तिच्याशी बोलणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे गोठ्यातली पारुबाई. शकुबाई आपल्या ताटातली अर्धी भाकर घेऊन दुपारी तिच्याकडं जाई. दोघी गव्हाणीला टेकून बसत.

"खा की वं पारुमाय."

"नको. ह्या हातानं पोर मारली म्या."

"त्या पोरीचं लेकरू पोटात आडवं व्हतं. तुमी काय करनार?"

"मंग हात काहून न्हाई उठला माझा?"

शकुबाईचाही उठला नव्हता. पारुबाई दिवसेंदिवस कमी खाऊ लागली, मग नुसतं पाणी पिऊ लागली.

शकुबाईनं देवावरचा विश्वास सोडला नव्हता आणि व्यायामही सोडला नव्हता. खांदा जरा सैल झाल्यावर डॉक्टरांनी एक नवा प्रकार सांगितला होता. भिंतीशेजारी उभं राहायचं, हात खाली, पंजाची पाठ भिंतीला लावायची आणि भिंत बाजूला ढकलायची. "भिंत हटणार नाही," ते हसून म्हणाले होते, "पण झोपलेला स्नायू उठेल. थोड्यानं सुरू करा." ती तेही करू लागली. आता कळ येत नसे, नुसता भार जाणवे.

एका दुपारी ती गोठ्यातून परत आली ती भाकर तशीच घेऊन. पारुबाईनं तोंडाला लावली नव्हती. शकुबाई भिंतीला हात लावून उभी राहिली आणि ढकलत राहिली. डोक्यात पारुबाईचे खोल गेलेले डोळे. मनात महाराजांना एकेक शिवी चाललेली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. एवढ्यात बाहेर शेळीनं मडकं पाडलं आणि ती दचकून भिंतीपासून दूर झाली.

तिचा उजवा हात वर जाऊ लागला.

तिनं नव्हता उचलला. तो आपला आपण निघाला, कुणीतरी मनगटाखाली तळवा देऊन उचलावा तसा अलगद. कमरेच्या वर आला, थांबला, खाली आला. शकुबाई मटकन खाली बसली. तिनं हात जोडले आणि ती रडू लागली. देव आला होता. आमराईत नाही, गर्दीत नाही, तिच्या रिकाम्या खोलीत, तिच्या एकटीकडं आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत तिच्याशिवाय अजून कुणीतरी होतं.

डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं, पण आपण नाम कुठं घेतलं? आपण तर शिव्या देत होतो.

ती उठली. डाव्या हाताची पाठ भिंतीला लावली, तशीच रेटली, बाजूला झाली. डावा हात खांद्यापर्यंत वर गेला. मग तिनं भिंतीला हात नुसता टेकवला, अजिबात न ढकलता, आणि नागनाथाचं नाव मनापासून घेत उभी राहिली. बाजूला झाली. हात खालीच. पुन्हा ढकललं, तोंडानं "सतरंजी, पासोडी, लुगडं" म्हणत. हात वर.

तिनं हे इतक्या वेळा केलं की भिंतीवर पंजाचा डाग पडला. शंका राहिली नाही. आनंद व्हायला हवा होता. पण मघाशी खोलीत जे कुणी आलं होतं ते निघून गेलं होतं. पुन्हा ती आणि भिंत. आणि हे सांगावं असं शेजारी कुणी नाही.

सकाळी मोटारीनं ती हिंगोलीला गेली.

इस्माईल डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी चौकट रेटली, पुढं आले. त्यांचे हात पंखांसारखे वर गेले. बाकावर बसलेले रोगी पाहतच राहिले. डॉक्टर पोटभर हसले.

"शकुबाई, यात ना महाराज आहे ना भूत. स्नायूला आपण बराच वेळ हुकूम देतो, ढकल, ढकल. भिंत अडवते म्हणून हात जागचा हलत नाही. आपण ढकलणं थांबवतो, पण स्नायूतला ताण लगेच उतरत नाही. थोडा वेळ तो आपला आपण ओढतच राहतो. आता अडवायला भिंत नसते, म्हणून हात वर जातो. आपण तर हुकूम थांबवलेला, म्हणून वाटतं दुसऱ्या कुणी उचलला. ढकललं नाही तर काही होणार नाही. त्या म्हाताऱ्या बाईत ढकलायची ताकद नव्हती. तुमचा खांदा तेव्हा कच्चा होता. बस, इतकंच."

"मंग तुमी गावात येऊन सांगा ना, डॉक्टरसाब."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "दोन वर्षांखाली एका फकिराची गंड्यादोऱ्याची लबाडी मी भर दर्ग्यात उघडी पाडली होती. माझ्याच लोकांनी मला महिनाभर सलाम केला नाही. इथं मी बोललो तर गोष्ट हाताची राहायची नाही, धरमाची होईल, आणि महाराजाला तेच पाहिजे. तुमच्या गावचा हात, तुमच्या गावचा खांब. तुम्हीच दाखवा. आणि एक करा. दोन्ही बाजूंनी दाखवा. नाव न घेता ढकललं तर काय होतं, आणि न ढकलता नाव घेतलं तर काय होतं."

गुरुवारी शकुबाई आमराईत आली ती पारुबाईला डाव्या हाताचा आधार देऊन. गर्दी दुभंगली, वाट द्यायची म्हणून नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून.

"आल्या!" महाराज गरजले. "दोन्ही पापिणी आल्या! पश्चात्ताप झाला का?"

शकुबाईनं महाराजांकडं पाहिलंच नाही. "पाटील," ती उकंडरावांना म्हणाली, "तुमचे हात मागच्या खेपेला उठले व्हते. आज एकडाव माझ्यासाठी उभं राहता का? नाव मात्र घेऊ नका. आपल्या घरचे धुन्याचे कपडे मोजा. धोतर, अंगरखा, पासोडी."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "खांब माझ्या मंत्रानं भारलेले आहेत. नाव घेतलं काय, न घेतलं काय!"

"मंग खांब नको. तुमच्या गाडीखान्याच्या बाजूच्या चिंचोळ्या दारात उभं राहा, पाटील. तिथं त्यांचा मंत्र न्हाई."

पाटील श्रद्धाळू होते तसेच हौशीही होते. मिशीवर हात फिरवून ते आमराईच्या कडेच्या गाडीखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले, चौकट रेटू लागले आणि मोठ्यानं म्हणू लागले, "धोतर, अंगरखा, पासोडी, धोतर, अंगरखा…"

"या भाईर," शकुबाई म्हणाली.

पाटील बाहेर आले आणि त्यांचे हात वर गेले. पाटील आधी हातांकडं पाहू लागले, मग लोकांकडं. आमराईत हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण प्रत्येकाला आपापले हात आठवले.

"आता भावजी," ती ग्यानबाला म्हणाली, "तुमी महाराजाच्या खांबात उभं राहा. हात नुसते सोडा, ढकलू नका. नाव घ्या, जितकं घेता येईल तितकं घ्या."

ग्यानबा खांबांत गेला. त्यानं डोळे मिटून असं नाम घेतलं की ऐकणाऱ्यांचं मन भरून यावं. महाराजांनी शंख फुंकला नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला. शेवटी शकुबाईच म्हणाली, "या." तो आला. हात खाली.

"याची श्रद्धा कमी पडली," महाराज घाईनं म्हणाले.

ग्यानबाचा चेहरा पडला. तो वळला, पुन्हा खांबांत शिरला, यावेळी तोंड घट्ट मिटून, एकही नाव न घेता, नुसता रागानं दगड रेटत राहिला. बाहेर आला. दोन्ही हात वर गेले. तसेच हात वर असताना तो महाराजांना म्हणाला, "महाराज, एवढ्या येळात माझी श्रद्धा वाढली व्हय?"

महाराज बरंच बोलले. कलियुग, बायकांची बुद्धी, डॉक्टरांची फूस. पण रांग मोडली होती. लोक आंब्यांच्या खोडांना, गाड्यांच्या लाकडी साट्यांना, एकमेकांच्या हातांना हात लावून ढकलत होते आणि सगळीकडं हात वर जात होते. कुणी नाव घेत नव्हतं.

शकुबाईनं मग पारुबाईला गाडीखान्याच्या भिंतीशी उभं केलं. "पारुमाय, मागं तुमी ढकललंच नव्हतं. आता जमल तेवढंच ढकला. मी धरून हाय." म्हातारीनं डोळे मिटले. पंजाची पाठ भिंतीला लावून ती रेटू लागली. शकुबाईनं तिला कमरेशी धरलं होतं. बऱ्याच वेळानं तिनं तिला भिंतीपासून अलगद ओढलं.

पारुबाईचा हात वीतभर वर आला.

"उठला?" म्हातारीनं डोळे न उघडताच विचारलं.

"उठला. देवानं न्हाई उठवला, तुमीच उठवला. आन् तवा न्हाई उठला तो बी पापानं न्हाई. तुमच्यात जोर नव्हता, एवढंच."

गर्दीतून पारुबाईचा लेक पुढं आला. त्यानं आईचा तो हात धरला. मग त्यानं तिला गाडीवर बसवलं आणि घरी नेलं. गोठ्यातलं अंथरूण त्यानं त्याच दुपारी उचललं.

ऊर्ध्वबाहू महाराज संध्याकाळच्या मोटारीनं सरहद्दीचा नाका ओलांडून वऱ्हाडात गेले. तुपाचे डबे बरोबर होते. आमराईचा तुकडा पाटलांकडंच राहिला. गावातले काही लोक पुढंही म्हणत राहिले की खांबांत शक्ती होतीच, परटिणीनं ती बाटवली. त्यांना गाडीखान्याचं दार दाखवलं की ते विषय बदलत.

कपडे हळूहळू परत आले. "तुझं चुकलं न्हाई" असं मात्र शकुबाईला कुणी म्हटलं नाही. तसं म्हणायचं तर आपलं चुकलं म्हणावं लागतं. गोजरबाईनं ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं, एवढं झालं. पारुबाई नातवंडांत रमली. तिच्या लेकानं तिला अंगणाबाहेर फारसं सोडलं नाही. गोठ्यातली ती जागा रिकामी झाली, आणि दुपारची अर्धी भाकर शकुबाई आता एकटीच खाऊ लागली. ज्या बाईसाठी ती गर्दीसमोर उभी राहिली ती बाई शकुबाईच्याच यशानं तिच्यापासून गेली. तिला याचं दुःख होतं आणि तिला हे असंच व्हायला हवं होतं.

तिचा हात पूर्ण बरा कधीच झाला नाही. पावसाळ्यात ती घाटावर पुन्हा धुवायला बसली. धुणं डोक्यावरून फिरवून दगडावर आपटणं गेलं. ती ते कमरेच्या उंचीवरून आपटी. व्यायाम मात्र सोडला नाही. त्यात कुठला साक्षात्कार नव्हता. रोजची थोडी तकलीफ, आणि तिच्यामुळं उद्या थोडा वर जाणारा हात.

वाचकहो, कनेरगावचे महाराज गेले, पण असे महाराज संपलेले नाहीत. तुमच्या गावात कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या पायावर पडण्याआधी एवढं करा. त्यातलं एकेक काढून बघा. मंत्र काढा, मग काय होतं? बाबाला बाजूला उभं करा, मग काय होतं? देव असलाच तर असं तपासल्यानं त्याला राग येणार नाही. राग येतो तो बाबाला. आणि गर्दीतल्या सगळ्यांचे हात वर गेले असताना एखादीचा खाली राहिला, तर तिला पापीण म्हणण्याआधी तिच्याजवळ जा आणि विचारा, बाई, तुला काय दुखतंय? कनेरगावात एकानं जरी हे विचारलं असतं, तर एक म्हातारी गोठ्यात उपाशी बसली नसती आणि एका बाईला इतके महिने भिंतीशिवाय दुसरं कुणी नाही असं झालं नसतं.